विजेचा चढउतार आणि यंत्राची आठवण

बागाइतदाराच्या विहिरीवरील पत्र्याच्या पेटींत पूर्वीं एक मेन स्विच, तीन फ्यूज आणि तेलांत बुडविलेला स्टार्टर एवढाच संसार असे. वीज गेली कीं मोटार थांबे. वीज आली कीं मालकानें जाऊन हिरवें बटन दाबावें. त्या स्टार्टरला कांहीं आठवत नसे, व आठवण्याचें त्यास प्रयोजनहि नव्हतें. आतांची पेटी तशी राहिलेली नाहीं. मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर, ठिबकचे व्हॉल्व्ह पाळीपाळीनें उघडणारें यंत्र, दूधसंकलनाचा कांटा, सौर पंपाचा कंट्रोलर, या सर्वांच्या पोटांत तांदळाच्या चार-सहा दाण्यांएवढी एक काळी वस्तु असते. तिला मेमरी चिप म्हणतात. मालकाचा फोन नंबर कोणता, वीज आल्यावर किती सेकंद थांबून मोटार सोडावयाची, करंट किती अँपिअरच्या खालीं गेला म्हणजे विहिरींतील पाणी संपलें असें समजावयाचें, आणि किती अँपिअरच्या वर गेला म्हणजे मोटारीवर भार पडला असें धरावयाचें, हें सर्व ती चिप ध्यानांत ठेवते. वीज चार तास नसो कीं चार महिने नसो, तिची आठवण जात नाहीं.

ज्या विजेवर मोटार गुरगुरते आणि दिवा तांबडा होतो, त्याच विजेवर ही नाजूक वस्तु आपली आठवण कशी राखते, व कोणत्या प्रसंगीं ती दगा देते, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. हा विषय कारागिराचा, शेतकऱ्यास त्याचें काय, असें कोणी म्हणूं नये. चिपेनें दगा दिला तर जळते ती मोटार शेतकऱ्याची, आणि वाळतो तो ऊंसहि त्याचाच.

माळशिरस तालुक्यांतील श्रीपूर हें उंसाचें गांव. १९३४ सालीं चंद्रशेखर आगाशे यांनीं बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापिली व तिचा कारखाना येथें उभा राहिला. पुढें पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचें नांवहि याच गांवाशीं जोडलें गेलें. तालुका नीरा उजव्या कालव्याचा असला तरी कालव्याची पाळी सांपडेपर्यंत उंसाला थांबवितां येत नाहीं, म्हणून विहीर, बोअर आणि नदीवरील उपसा यांवर मोटारी बसल्या. उंसाच्या गांवीं एकेका डी.पी.वर मोटारींची दाटी असते. शेतीपंपांची तीन फेजची वीज चोवीस तास नसते. कोठें दिवसा, कोठें आळीपाळीनें रात्रीं, अशी ठराविक तास येते. म्हणून ती आली कीं सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. तारेच्या शेवटाला ज्याची विहीर आहे त्याच्या पेटींत अशा वेळीं ४१५ व्होल्टच्या ठिकाणीं सव्वातीनशेंच व्होल्ट उरलेले दिसले तर त्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं.

आतां हें ध्यानांत घ्यावें कीं, चिपेला ४१५ व्होल्टशीं प्रत्यक्ष कांहीं कर्तव्य नसतें. ज्याप्रमाणें धरणाचें पाणी मुख्य कालवा, वितरिका, चारी, पाट असें उतरत उतरत शेवटीं सरींत येतें, त्याप्रमाणें मोठा दाब पेटींतील लहान ट्रान्सफॉर्मरनें प्रथम बारा-पंधरा व्होल्टवर येतो, आणि मग रेग्युलेटर नांवाचें दार त्यांतून ५ किंवा ३.३ व्होल्ट तेवढे पुढें सोडतें. कालव्याला पाणी कमीजास्त झालें तरी चारीच्या दारानें सरींतलें पाणी सारखें ठेवावें, तसेंच हें काम आहे. परंतु दाराला सुद्धां आपल्या मागें कांहीं उंचीचें पाणी असावें लागतें. ५ व्होल्ट देणारे जुन्या धर्तीचे रेग्युलेटर पाठीशीं सुमारें ७ व्होल्ट असल्याशिवाय नीट काम करीत नाहींत. समजा, रेग्युलेटरकडे एरव्हीं १२ व्होल्ट येत आहेत. तारेवरचा दाब निम्मा झाला तर त्या बाराचे सहा होतात, दार उघडें राहूनहि पुढें पांच पोंचत नाहींत, आणि चिपेला चार, साडेतीन, तीन असे उतरते व्होल्ट मिळूं लागतात. अशा वेळीं ती टिकते कीं नाहीं, हाच खरा प्रश्न आहे.

याचें उत्तर समजण्यास चिप आठवण कशी ठेवते हें थोडक्यांत पहावें लागेल. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर वाळूच्याच जातीच्या कांचेचा एक अत्यंत पातळ थर देतात. त्या कांचेंत चारी बाजूंनीं वेढलेलें एक लहानसें बेट असतें. विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, त्या बेटावर नेऊन ठेवले तर त्यांना बाहेर पडण्यास वाट नसते. ते वर्षानुवर्षें तेथेंच राहतात. बेट भरलेलें कीं रिकामें, यावरून एक अक्षर कळतें. ही कल्पना १९६७ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंतील डावॉन कांग व सायमन झे या दोघांनीं मांडली. बेटावर पाणी चढवावयाचें म्हणजे बांध ओलांडावा लागतो, आणि हा कांचेचा बांध ओलांडण्यास साधारणतः १५ ते २० व्होल्टचा जोर लागतो. चिपेला बाहेरून मिळतात ५, किंवा त्याहूनहि कमी. मग तो जोर आणावा कोठून?

पहिल्या काळांत तो बाहेरूनच आणीत. १९७० नंतरच्या दशकांतील एक प्रसिद्ध चिप, इंटेल कंपनीची २७०८, हिला चालण्यासाठींच तीन प्रकारचे पुरवठे लागत: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. तिच्या मागून आलेली २७१६ ही वाचावयास एकट्या ५ व्होल्टवर तयार झाली. परंतु तिच्यावर लिहावयाचें तर निराळ्या यंत्रांत घालून २५ व्होल्ट द्यावे लागत, आणि पुसावयाचें तर पाठीवरच्या कांचेच्या खिडकींतून अतिनील किरण पाडावे लागत. असलें यंत्र विहिरीवर काय कामाचें? १९८० च्या सुमारास विजेनेंच पुसतां येणारी २८१६ निघाली, तरी तिलाहि लिहितांना २१ व्होल्ट बाहेरूनच पुरवावे लागत.

ज्या युक्तीनें ही अडचण सुटली ती आमच्या वाचकांस परकी वाटणार नाहीं. खोल नदीचें पाणी उंच माळावर न्यावयाचें असेल, आणि एका पंपाचा जोर तेवढा नसेल, तर आपण टप्पे करतों. पहिला पंप पहिल्या टाकींत पाणी टाकतो, दुसरा तेथून दुसऱ्या टाकींत. मध्यें पाणी मागें येऊं नये म्हणून एकाच बाजूस उघडणारी झडप बसवितों. चिपेंत टाकीच्या जागीं कपॅसिटर असतो व झडपेच्या जागीं डायोड. दर टप्प्याला पुरवठ्याएवढा, किंचित् कमी, दाब वाढत जातो. इंग्लंडांत केंब्रिज येथें कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांनीं १९३२ सालीं अणु फोडण्याकरितां लाखों व्होल्टचा दाब याच तत्त्वावर उभा केला होता. त्यांचें यंत्र खोलीभर होतें. १९७६ सालीं जॉन डिक्सन यानें तेंच तत्त्व चिपेच्या आंत कसें बसवितां येईल तें दाखवून दिलें. अणु फोडणाऱ्या यंत्राचें पिल्लू आज प्रत्येक मोबाईल स्टार्टरांत बसलें आहे, हें ऐकून कोणास हंसूं येईल; पण गोष्ट खरी आहे.

पुरवठ्याशीं जुळवून घेण्याचें रहस्य या उपशांतच आहे. बाहेरून ५ व्होल्ट येवोत वा २ व्होल्ट येवोत, आंतला पंप फिरत राहतो, आणि वरच्या टाकींतला दाब ठरलेल्या खुणेला टेकला कीं थांबतो. पुरवठा जोराचा असेल तर तो लवकर टेकतो, मंद असेल तर अधिक वेळ फिरतो; बेटावर इलेक्ट्रॉन चढविणारा दाब उभयपक्षीं एकच. आतां खूण तरी कोठें करावी? पुरवठाच कमीजास्त होत असतां त्यावरून माप घेणें म्हणजे ताणणाऱ्या रबरी पट्टीनें शेत मोजण्यासारखें आहे. म्हणून चिपेंत सिलिकॉनच्या एका अंगभूत गुणावर बांधलेला सुमारें १.२ व्होल्टचा पक्का दाब तयार करतात. तो पुरवठ्यानें व उष्णतेनें फारसा हलत नाहीं. रॉबर्ट विड्लर या अमेरिकन कारागिरानें १९७१ सालीं हें माप व्यवहारांत आणलें. एकदां पक्कें माप हातीं आल्यावर बाकीचें सर्व त्यावरून ठरवितां येतें.

याचा परिणाम असा झाला कीं, आज यंत्रांतून सर्रास आढळणारी चोवीस-सी मालिकेची आठ पायांची चिप १.७ किंवा १.८ व्होल्टपासून ५.५ व्होल्टपर्यंत कोणत्याहि पुरवठ्यावर चालते. खालच्या व वरच्या मर्यादेंत तिपटीचा फरक आहे. एवढा फरक सोसणारें दुसरें कोणतें यंत्र आपल्या पेटींत आहे, तें शोधून पहावें! अर्थात् फुकट कांहीं मिळत नाहीं. पुरवठा कमी असतां ती चिप हळू बोलते. या जातीच्या एका प्रचलित चिपेचा वेग २.५ व्होल्टवर व त्यापुढें सेकंदाला १० लाख ठोके, तर १.७ व्होल्टवर ४ लाख ठोके असा कंपनीनें दिलेला आहे. भार तोच, चाल मंद; चढावर बैलगाडी चालते त्याप्रमाणें.

जुळवून घेण्याची दुसरी एक तऱ्हा आहे, ती म्हणजे आधीं विचारून घेणें. हिचें उदाहरण मोबाईल स्टार्टरांतील सिमकार्ड. सिमकार्ड म्हणजे सोनेरी मुलाम्याखालीं बसलेली एक चिपच होय. आरंभींचीं कार्डें ५ व्होल्टवर चालत. मागाहून ३ व्होल्टचीं आलीं, नंतर १.८ व्होल्टचीं. नव्या यंत्रांत जुनें कार्ड किंवा जुन्या यंत्रांत नवें कार्ड पडलें तर जळूं नये, म्हणून असा शिरस्ता पडला कीं, यंत्रानें प्रथम आपल्याकडील सर्वांत कमी दाब द्यावा. कार्डाला तो पुरला तर तें आपल्या ओळखीचा निरोप पाठवितें, व आपण कोणकोणत्या दाबावर चालतों हेंहि त्यांत सांगतें. निरोप आला नाहीं तर यंत्र वीज काढून घेतें, क्षणभर थांबतें, आणि पुढच्या पायरीचा दाब देऊन पुन्हां विचारतें. नव्या जनावराला एकदम पूर्ण जूं न देतां आधीं हलकें ओझें देऊन पाहण्याची आपली रीत हीच. संगणकांतील मोठ्या मेमरीच्या पट्ट्यांत मात्र ही सवलत थोडी आहे. त्यांचा दाब पिढीगणिक उतरत २.५, १.८, १.५, १.२ असा आतां १.१ व्होल्टपर्यंत आला आहे, आणि भलत्या पिढीची पट्टी बसूंच नये म्हणून तिच्या कडेची खांच दर पिढीला निराळ्या जागीं कापतात. मधल्या एका जातीला तेवढे १.३५ व १.५ असे दोन्ही दाब चालतात.

येथवर चिपेची बाजू झाली. इतकी सोशिक वस्तु मग दगा कां देते? आमच्या मतें दोष बहुधा चिपेचा नसतो; तिच्यावर लिहविणाऱ्याचा असतो. पेटींत मेमरीच्या शेजारीं मायक्रोकंट्रोलर नांवाची दुसरी चिप असते, ती सर्व कारभार पाहते. पुरवठा ठरल्या मर्यादेच्या खालीं हळूहळू उतरूं लागला म्हणजे ही कारभारीण एकदम मरत नाहीं. अर्धवट शुद्धींत राहून भलतेंच करूं लागते. अशा स्थितींत तिनें मेमरीला लिहिण्याचा हुकूम सोडला तर मेमरी इमानानें तें भलतें लिहून घेते, कारण तीन व्होल्टवर ती अजून ठणठणीत असते! एरव्हीं जो तिचा गुण तोच येथें अनर्थाला कारण होतो. वीज साफ गेली तर हें सहसा घडत नाहीं. ती रेंगाळत गेली, मिणमिणली, गेली-आली-गेली असें झालें म्हणजे घडतें, आणि उंसाच्या भागांत तारेच्या टोंकाला नेमकी तशीच वीज असते.

यावर उपाय आहेत, आणि चांगल्या कारखान्याचे लोक ते करतात. पहिला उपाय म्हणजे पहारेकरी: पुरवठा अमुक व्होल्टच्या खालीं गेला कीं कारभारिणीला जबरदस्तीनें निजवावयाचें. दुसरा उपाय दोन वह्यांचा. नवा आंकडा जुन्यावर न खोडतां दुसऱ्या वहींत लिहावयाचा, खालीं बेरीज मांडावयाची, आणि बेरीज जुळली तरच ती वही खरी धरावयाची. लिहितां लिहितां वीज गेली तर बेरीज जुळत नाहीं, व यंत्र मुकाट्यानें जुन्या वहीवर परत जातें. तिसरा उपाय सांठ्याचा. एका आंकड्याला लिहिण्यास चिपेला फार तर ५ सहस्रांश सेकंद लागतात. पेटींतील कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा असला, यंत्र ५० सहस्रांश अँपिअर ओढीत असलें, आणि दाब बारावरून सातावर येईतों काम चालत असलें, तर गणितानें १०० सहस्रांश सेकंद हाताशीं राहतात. म्हणजे वीज गेल्यावरहि वीस वेळां लिहून होईल! परंतु मोबाईल स्टार्टरांत एक खादाड पाहुणा आहे. त्याचा रेडिओ संदेश पाठवितांना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट घेतो. वीज गेली म्हणून मालकाला कळविण्यास त्यानें त्याच क्षणीं तोंड उघडलें, आणि त्याच्यासाठीं निराळी बॅटरी नसली, तर तो सांठा पापणी लवण्याच्या आंत आटतो. म्हणून ज्या स्टार्टरांत बॅटरी आहे तिची निगा हा केवळ निरोपाचा प्रश्न समजूं नये. बॅटरी फुगली किंवा मेली असतां ‘मोटार तर चालते आहे’ म्हणून तसेंच दामटणारे पुष्कळ आहेत.

दुसरा एक क्षय आहे, तो दाबाशीं संबंधित नसून लिहिण्याशीं आहे. कांचेच्या त्या पातळ बांधावरून इलेक्ट्रॉन वारंवार नेले-आणले म्हणजे बांध झिजतो. चांगल्या चिपेवर एका जागीं सुमारें १० लाख वेळां लिहितां येतें असें कारखानदार सांगतात, आणि लिहिलेलें १०० वर्षें टिकेल असेंहि म्हणतात. १० लाख हा आंकडा ऐकावयास मोठा आहे. पण मोटार किती वेळ चालली हें मोजणाऱ्या यंत्रानें तो आंकडा एकाच जागीं दर सेकंदाला लिहिला, आणि वीज दिवसाचे ८ तास धरली, तर रोज २८,८०० वेळां लिहिणें होतें, व १० लाखांची पुंजी पस्तीस दिवसांत संपते. तेंच दर मिनिटाला लिहिलें तर साडेपांच वर्षांहून अधिक चालेल. वीज जातांनाच एकदां लिहिलें तर मालक म्हातारा होईल, चिप होणार नाहीं. याशिवाय उष्णतेनें झीज वाढते. आणि वैशाखांत सोलापूर जिल्ह्यांत उन्हांतल्या पत्र्याच्या पेटीवर हात ठेववत नाहीं, हें सांगावयास नको. पेटीवर चार पत्र्यांचें छप्पर घालण्याचा खर्च थोडा आहे.

आठवण गेली म्हणजे काय होतें, तेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. यंत्र कारखान्यांतून निघालें तेव्हांचे आंकडे पुन्हां धरून बसतें. कोरड्या विहिरीची मर्यादा गेली तर पाणी संपल्यावरहि पंप फिरत राहतो. सबमर्सिबल मोटार पाण्यावरच थंड राहत असल्यामुळें ती थोड्या वेळांत तापते. हें नुकसान एकट्याचें. परंतु वीज आल्यावर थांबण्याचे सेकंद जे आपण ठरविले होते, ते गेले तर नुकसान सगळ्या डी.पी.चें होतें. १०० के.व्ही.ए.च्या डी.पी.वर पांच अश्वशक्तीच्या सुमारें २० मोटारी बसतात. मोटार सरळ सुरू होतांना आपल्या नेहमीच्या सहापट करंट ओढते. विसांनीं एकाच क्षणीं उचल केली तर १०० च्या जागीं ६०० चा भार मागितला जातो. तो मिळत तर नाहींच. दाब कोसळतो, एकहि मोटार नीट उठत नाहीं, सगळ्या गुरगुरत राहतात, आणि तेल तापून डी.पी. उडतो. मग नवा येईपर्यंत वीस जणांच्या उंसाला पाणी नाहीं. महावितरण शेतकऱ्यांस स्वयंचलित स्विच काढण्याबद्दल व कपॅसिटर बसविण्याबद्दल वारंवार विनविते, त्याचें कारण हेंच. आमचें मत असें आहे कीं, स्वयंचलित स्टार्टर काढून टाकणें हा एक मार्ग झाला. त्याच्या आठवणीचा उपयोग करून घेणें हा दुसरा व अधिक चांगला. वीस जणांनीं बसून आपापले सेकंद वांटून घ्यावे, पहिल्यानें १०, दुसऱ्यानें २०, असें शेवटल्यानें २००. सव्वातीन मिनिटांच्या थोडें पुढें सर्व मोटारी सुरळीत सुरू होतात. पाण्याची पाळी आपण वांटून घेतोंच. ही विजेची पाळी. अशी वांटणी झालेल्या डी.पी.वर एकाच्या स्टार्टरनें आपला आंकडा विसरणें म्हणजे बारी सोडून दार उघडण्यासारखें आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. चिप कमी दाबाशीं जुळवून घेते म्हणून पेटीवरचे आंकडे झळकत राहतात, आणि ते झळकतात म्हणून वीज ठीक आहे असें पुष्कळांस वाटतें. मोटारीच्या अंगीं ही सोशिकता मुळींच नाहीं. दाब ८० टक्क्यांवर आला तर तिचा उठण्याचा जोर ६४ टक्के उरतो, आणि तेवढेंच पाणी उपसण्यास ती सव्वापट करंट घेऊं पाहते. वेटोळ्यांतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यानें ती दीडपटीहून अधिक होते. तेव्हां डोळा आंकडे दिसण्यावर न ठेवतां आंकडा किती आहे त्यावर ठेवावा, आणि कमी दाबाला मोटार बंद करण्याची सोय स्टार्टरांत असल्यास ती कारखान्याच्या आंकड्यावर न सोडतां आपल्या मोटारीप्रमाणें बसवून घ्यावी.

वीज कमी झाली कीं इलेक्ट्रॉनिक कांट्यावर वजन कमी भरतें, ही शंकाहि गव्हाणीच्या रांगेंत ऐकूं येते. या बाबतींत यंत्राची रचना शेतकऱ्याच्या बाजूची आहे. वजनाखालीं दबणारा जो लोखंडी ठोकळा असतो, तो दिलेल्या दर व्होल्टमागें पूर्ण भारावर सुमारें २ सहस्रांश व्होल्ट परत देतो. ५ व्होल्ट दिले तर १० सहस्रांश, ४.९ दिले तर ९.८. कांटा हा परत आलेला दाब नुसता मोजीत नाहीं. दिलेल्या दाबाशीं त्याचें प्रमाण काढतो. दोन्ही एकदम उतरल्यानें प्रमाण तेंच राहतें. किती प्रमाणाला किती किलो, हा कोष्टकाचा आंकडा मात्र मेमरी चिपेंत असतो, आणि तोच कळीचा. म्हणूनच वैधमापनशास्त्र खात्याचा अधिकारी प्रमाणित वजनें ठेवून कांटा तपासतो व सील करतो. विजेविषयीं शंका घेण्यापेक्षां सील शाबूत आहे काय व तपासणीचें प्रमाणपत्र कोणत्या तारखेचें आहे, हें विचारणें उपयोगाचें.

नवा स्टार्टर किंवा कंट्रोलर घेतेवेळीं दुकानदारास ‘किती व्होल्टवर चालतो’ एवढेंच विचारून थांबूं नये. किती व्होल्टच्या खालीं तो लिहिणें बंद करतो, वीज मिणमिणत असतां बसविलेले आंकडे राहतात काय, आणि चाललेले तास तो केव्हां केव्हां लिहितो, हेंहि विचारावें. दुकानदारास उत्तर येत नसल्यास कंपनीच्या माणसाकडून मागवावें. साधी कसोटी घरींहि करतां येते. आंकडे बसवून झाल्यावर मेन स्विच बंद करून पेटी पूर्ण विझूं द्यावी, पुन्हां लावावी, आणि सर्व आंकडे जागेवर आहेत काय तें पहावें. असें आठ-दहा वेळां करावें. आंकडे बदलावयाचे असतील तर वीज नुकतीच आली असतां, सर्वांच्या मोटारी उठत असतां बदलूं नयेत. दाब स्थिर होईतों दहा-पंधरा मिनिटें थांबावें.

सौर पंपवाल्यांना हें सर्व अधिकच लागू आहे. राज्यांत २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेनें व पुढें २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषिपंप या योजनेनें सौर वीज शेतांपर्यंत आली. तारेवरची वीज दिवसांतून कांहीं वेळां डळमळते. सौर पट्ट्यांचा पुरवठा सकाळीं उगवतांना एकदां, मावळतांना एकदां, आणि मध्यें प्रत्येक ढगाबरोबर चढत-उतरत असतो. संध्याकाळीं तर तो मुद्दाम शिकवावा तसा हळूहळू मरतो. म्हणजे ज्या रेंगाळत्या उतरणीची भीति वर सांगितली ती येथें रोजची आहे. कंट्रोलर चांगल्या बनावटीचा असेल तर त्यांत पहारेकरी असतोच. पण हमीच्या मुदतींत तो एकदां जरी आंकडे विसरला तरी तारीख व वेळ लिहून ठेवून लेखी तक्रार करावी, ‘पुन्हां बसवून दिलें’ एवढ्यावर समाधान मानूं नये.

आणि यंत्राला आठवण असली तरी एक कागद असूं द्यावा. थांबण्याचे सेकंद, कोरड्या विहिरीचे व भाराचे अँपिअर, कमी दाबाचा आंकडा, नोंदविलेले फोन नंबर, ठिबकच्या पाळ्या, आणि ते बसविल्याची तारीख, एवढें एका जाड पुठ्ठ्यावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवींत घालून पेटीच्या दाराला आंतल्या अंगानें लावावें. बाहेरून लावलेल्या पुठ्ठ्याची शाई एका उन्हाळ्यांत उडून जाते.